न्यू साउथ वेल्समधला कैदी पूर्वज शोधताना

ब्रिटन-आयर्लंडमधून शिक्षा म्हणून जहाजाने ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स वसाहतीत पाठवलेल्या कैद्यांपैकी कुणी तुमचा पूर्वज असेल, तर सुरुवात घरातल्या ताज्या दाखल्यापासून करा आणि एकेक पिढी मागे जा. न्यू साउथ वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी 1856 मध्ये सुरू झाली, टास्मानियात 1838 मध्ये. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांमध्ये.

कैद्याची खरी ओळख म्हणजे नाव, जहाज आणि येण्याचं साल. तिन्ही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. जॉन स्मिथ ढिगाने सापडतात, आणि एकाच जहाजाने वेगवेगळ्या साली फेऱ्या केलेल्या असतात. घोळ होतो तो इथेच.

मग 1828ची जनगणना उघडा. नावापुढची अक्षरं नीट वाचा: 'सीएफ' म्हणजे स्वखुशीने आलेला, 'बीसी' वसाहतीत जन्मलेला, 'एफएस' शिक्षा भोगून सुटलेला, 'टीएल' म्हणजे शिक्षा संपण्याआधीच अटींवर मोकळं राहून काम करण्याचा परवाना मिळालेला. एकाच घरात नवरा 'एफएस', बायको 'सीएफ' आणि मुलं 'बीसी' दिसली, की अर्धं कुटुंब हाती लागलंच म्हणा. वय मात्र अंदाजेच धरा. दोन-चार वर्षं इकडेतिकडे होतातच.

शिक्षा भोगत असलेल्यांना लग्नासाठी सरकारी परवानगी लागे. त्या अर्जांच्या नोंदींत दोघांचीही जहाजं मिळतात, म्हणून बायकोचा माग काढायला यासारखं साधन नाही. अर्ज मंजूर झाला म्हणजे लग्न झालंच असं नाही; चर्चची नोंद ताडून बघा.

खटल्यासाठी ओल्ड बेलीची, म्हणजे लंडनच्या फौजदारी न्यायालयाची, कागदपत्रं ऑनलाइन फुकट आहेत, पण ती मुख्यतः लंडन आणि शेजारच्या मिडलसेक्स परगण्याची. बाकीच्यांसाठी त्या-त्या परगण्याच्या न्यायालयाचं दप्तर गाठावं लागतं.