उभयचर गाडीची चेन एका रेषेत आणताना
सहाचाकी उभयचर गाडीची चेन खडखडायला लागली की लोक आधी ती ताणतात. मी ताणाला शेवटी हात लावतो. गाडी भक्कम ठोकळ्यांवर घ्या, इंजिन बंद, चाकं अधांतरी. ॲक्सल म्हणजे चाकांचा दांडा; तो ज्यात फिरतो त्या बेअरिंगचे बोल्ट सैल करून ॲक्सल हातानं फिरवत राहा आणि बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. मध्येच ॲक्सल जड झाला, तर बेअरिंग तिरकं बसलंय. पुन्हा सैल करा. घाई इथेच नडते.

मग सरळ पोलादी पट्टी दोन्ही स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यांवर चालते त्या दातेरी चाकांच्या, कडेला टेकवा. फट दिसली तर स्प्रॉकेट सरकवा, चेन ओढू नका. दातांची चपटी अंगं एकाच बाजूला घासून चकाकत असतील तर रेष चुकलेली असण्याची दाट शक्यता. ताण बघायचा तो चेन पूर्ण फिरवून, सर्वांत घट्ट जागी. जाता जाता ॲक्सलची सीलं, म्हणजे पाणी आत येऊ न देणारी रिंगणं, हीही तपासा.