दात साफ करून घेताना या चुका टाळा: नौपाड्यातल्या रिसेप्शनवरून

गेल्या पावसाळ्यात एके सकाळी मी शटर वर करते न करते तोच एक काका आत आले. छत्री मिटायच्या आधीच खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढून त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "ताई, दात तुटला. पोहे खाताना." पुडीत हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा होता, एकीकडून काळपट, दुसरीकडून पिवळा. डॉक्टरांनी तो दिव्याखाली धरून उलटा केला. आतली बाजू खोलगट, दाताच्या पाठीचा जणू साचाच. काकांचा दात शाबूत होता, सुटून आलं होतं ते कीटण. पण जिभेला तिथे खड्डा लागत होता, त्यामुळे त्यांचा विश्वास बसेना. शेवटचं क्लिनिंग कधी केलं होतं, असं विचारलं तर म्हणाले, "कधीच नाही. दुखलंच नाही ना!"

मी डॉक्टर नाही. ठाण्यात नौपाड्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात अकरा वर्षं फोन उचलते, केसपेपर काढते, अपॉइंटमेंट देते. क्लिनिंग टाळायच्या सबबी आणि केल्यानंतरच्या तक्रारी, दोन्ही पहिल्यांदा माझ्याच कानावर येतात. त्यांची उत्तरं डॉक्टरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहेत की आता पाठ झाली आहेत.

"दुखत नाही, मग कशाला?"

सगळ्यात मोठी चूक हीच. दातांवर दिवसभर जंतूंचा एक चिकट थर बसत असतो. ब्रशने तो निघतो. जिथे निघत नाही तिथे दोन-तीन दिवसांतच लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात मुरू लागतं आणि थर दगडासारखा होत जातो. तेच कीटण. एकदा ते घट्ट झालं की कुठल्याही ब्रशने, कुठल्याही पेस्टने जात नाही. त्याचा खडबडीत पृष्ठभाग नव्या थराला आयतीच जागा देतो. हे सगळं घडताना दुखत काहीच नाही.

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधली मंडळी याचं खापर हमखास टँकरच्या पाण्यावर फोडतात. गीझरमध्ये क्षार साचतो तसाच दातांवर साचतो, असं त्यांना वाटतं. पण कीटणातलं कॅल्शियम आपल्याच लाळेतलं असतं. म्हणून तर ते खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला जास्त दिसतं, कारण लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. मोबाइलचा टॉर्च लावून आरशात खालच्या दातांची पाठ बघा. हिरडीलगत पिवळी, नळाच्या तोंडाशी धरते तशी रेघ दिसली तर पेस्ट बदलत बसू नका, अपॉइंटमेंट घ्या.

रक्त आलं म्हणून त्या बाजूला ब्रशच बंद

ही चूक शहाणीसुरती माणसंही करतात. हिरडीतून रक्त आलं की ब्रशने जखम झाली असं समजून तो भाग सोडून घासतात. थर आणखी साचतो, हिरडी आणखी सुजते, रक्त आणखी येतं. या टप्प्यावर नुसती हिरडी सुजलेली असते. क्लिनिंग आणि नीट ब्रशिंगने ती पूर्ववत होते. पुढे सूज आत शिरली की दात धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. झिजलेलं हाड स्केलिंगने, म्हणजे मशीनने कीटण काढून, परत येत नाही, फार तर झीज थांबवता येते. डॉक्टर बारीक खुणा असलेली एक सळई हिरडी आणि दात यांच्या मधल्या फटीत घालून खोली मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. चार, पाच असे आकडे ऐकू यायला लागले की वरवरच्या क्लिनिंगवर भागत नाही, आतून मुळांची सफाई करावी लागते आणि तीही दोन-तीन सिटिंगमध्ये.

सिगारेट-तंबाखूवाल्यांना तर हिरडी धोक्याची खूणही धड देत नाही. तिच्यातला रक्तपुरवठा आकसलेला असतो, त्यामुळे रक्त कमी येतं आणि माणूस निर्धास्त राहतो. मशेरीचंही तेच. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण गावाकडून मुलाकडे राहायला आलेल्या आजींच्या बटव्यातल्या मशेरीला कोण विचारतो? "मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही गं," हे मला दर महिन्याला कुणीतरी ऐकवतंच. आजींशी वाद घालू नये, त्यांना खुर्चीवर बसवून आरसा हातात द्यावा. एवढ्याने मशेरी सुटतेच असं नाही, पण तोंडाची तपासणी तरी होते. तंबाखू लागलेल्या तोंडाला तपासणीची गरज दातांच्या सफाईच्याही आधी आहे.

घरच्या घरी खरवडणं

ऑनलाइन मिळणारी स्टीलच्या आकड्यांची किटं, सेफ्टी पिन, लिंबू-सोडा, कोळशाची पावडर, राखुंडी. आकड्याने हिरडी फाटते आणि कीटण आत तसंच राहतं. लिंबातल्या आम्लाने दाताचं कवच विरघळतं, खरखरीत पावडरीने घासलं जातं. दोन्ही एकत्र केलं तर काय होणार ते सांगायला नको. कडक ब्रशने आडवं, जोर लावून घासणाऱ्यांच्या दातांवर हिरडीलगत कुऱ्हाडीच्या घावासारख्या खाचा पडलेल्या मी कितीतरी फोटोंत पाहिल्यात. मऊ ब्रश, हिरडीकडे तिरका धरलेला, हलका हात, दोन मिनिटं. भांडी घासायचा जोर भांड्यांसाठी ठेवा.

फॉर्म कोरा सोडणं

"अहो, दातच साफ करायचेत ना, त्यात बीपी-शुगर कशाला?" असं म्हणून निम्मे लोक नाव आणि मोबाइल नंबर लिहून फॉर्म परत देतात. तसं करू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, मात्र आपल्या मनाने बंद करून येऊ नका. हृदयात कृत्रिम झडप असेल तर क्लिनिंगच्या आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. पेसमेकर असेल तर कोणतं मशीन वापरायचं ते डॉक्टरांना ठरवावं लागतं. मधुमेह तर लिहायलाच हवा. शुगर वाढलेली असली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडलेल्या असल्या की शुगर आटोक्यात यायला त्रास होतो. गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात. तेव्हा क्लिनिंग करता येतं, मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे. त्यासाठी डिलिव्हरीपर्यंत थांबू नका.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी

तुळशीचं लग्न लागलं की हे फोन सुरू होतात. "परवा फंक्शन आहे, दात पांढरे करून द्या." स्केलिंगने चहाचे, तंबाखूचे डाग निघतात, पण दाताचा मूळचा पिवळसर रंग तोच राहतो. पांढरे करणं हे वेगळं काम आहे. शिवाय हिरड्या सुजलेल्या असतील तर एक-दोन दिवस हुळहुळतात. आठ-दहा दिवस आधी या.

आता क्लिनिंगनंतरचे फोन

"तुम्ही माझ्या दातांत फटी पाडल्या." कीटणाने भरलेली जागा रिकामी झाली आणि सुजलेली हिरडी ओसरली की फट दिसते. ती आधीपासून होतीच. मशीनच्या टोकाला धार नसते. ते सेकंदाला पंचवीस ते पन्नास हजार वेळा थरथरतं, त्या थरथरीने आणि पाण्याच्या फवाऱ्याने कीटण सुटतं. नीट वापरलं तर दाताचं कवच निघत नाही. पुडीवाल्या काकांचं दुसरं सिटिंग झाल्यावर त्यांचाही फोन आला होता. खालचे दोन दात हलतात म्हणाले. हाड आधीच झिजलं होतं आणि कीटणाच्या पट्ट्याने ते दात एकमेकांना बांधून धरले होते. पाच-सात वर्षं आधी आले असते तर गोष्ट वेगळी असती. हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं, मला धीर झाला नाही.

गार पाणी लागणं, शिवशिवणं हे बहुतेकांचं काही दिवसांत कमी होतं. सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट एका दिवसात गुण देत नाही, दोन आठवडे सलग वापरा. त्या काळात कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरा, आणि मामलेदारची मिसळ दोन दिवस लांबवा. ब्रश मात्र त्याच रात्रीपासून. औषधी माउथवॉश लिहून दिला असेल तर जितके दिवस सांगितलाय तितकेच दिवस. त्यात असणारं क्लोरहेक्झिडीन हे जंतुनाशक जास्त दिवस वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि मग ते काढायला पुन्हा आमच्याकडेच यावं लागतं.

"सहा महिने झाले, यायलाच हवं का?" सहा महिने हा सोयीचा ठोकताळा आहे. मधुमेह, तंबाखू, आधीचा हिरड्यांचा आजार असेल तर तीन-चार महिन्यांनी बोलावतात. हिरड्या छान असतील तर वर्षाने आलात तरी चालतं. तुमचं काय, ते तपासून ठरतं. माझी पोटाची भाकरी यावर असली तरी हे सांगते.

खर्चाची अडचण असेल तर क्लिनिंग टाळू नका, डेंटल कॉलेजच्या ओपीडीत जा. नवी मुंबईकडे नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे इथे कॉलेजं आहेत, आणि ठाण्याहून नेरूळला ट्रान्सहार्बर मार्गावरची थेट लोकल आहे. काम शिकणारी मुलं करतात, वर शिक्षक तपासतात. वेळ जातो, पैसे खूप वाचतात. कुठेही गेलात तरी भिंतीवर राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, तेवढं बघा.

रक्त दोन-तीन दिवसांनंतरही थांबलं नाही, गाल सुजला, पू दिसला किंवा ताप आला तर वाट न बघता फोन करा. दुपारी दोन ते पाच दवाखाना बंद असतो, पण फोन माझ्याजवळच असतो. फक्त हिरडीचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका. काळोख्या बाथरूममध्ये काढलेल्या फोटोत मला आजवर नाकपुड्यांशिवाय काही दिसलेलं नाही.