तयार वर्कशीट आणि पीपीटी थेट वर्गात नेताय? गणिताच्या शिक्षकांनो, या चुका टाळा

शाळा सुरू झाली की शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री साडेदहा-अकराला हमखास मेसेज येतो, "उद्या समरूपता घेतोय, कुणाकडे पीपीटी असेल तर टाका प्लीज." पाच मिनिटांत तीन-चार पीडीएफ आणि एखादी यूट्यूबची लिंक येऊन पडते, धन्यवाद सर, हात जोडलेले इमोजी, आणि सकाळी तेच जसंच्या तसं दहावीच्या वर्गात. तयार साहित्य वापरायला माझा विरोध नाही. दिवसाला सहा तास, वर यूडायसच्या (शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलच्या) नोंदी, निवडणुकीची कामं, हे सगळं असताना प्रत्येक वर्कशीट स्वतः बनवणं कुणालाच जमणार नाही. पण तयार मिळालं म्हणजे तपासून झालंय, असं लोक धरून चालतात आणि मग त्याच त्याच चुका होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे न सोडवता वाटणं. आमच्याच शाळेत नवीन लागलेल्या शिक्षकांनी पायथागोरसच्या धड्यावर ग्रुपवरची एक वर्कशीट दिली होती. त्यात एक उदाहरण होतं : काटकोन त्रिकोणाचा कर्ण १० सेमी, कर्णावर टाकलेला लंब ६ सेमी, क्षेत्रफळ काढा. उत्तरसूचीत ३०. पाया गुणिले उंची भागिले दोन, पोरांनी पटापट ३० लिहिलं, सरांनी बरोबरच्या खुणा केल्या, विषय संपला. एका मुलीला मात्र बाजूसुद्धा काढून बघायच्या होत्या, कारण भूमितीमध्याचं प्रमेय (कर्णावरच्या लंबाचा वर्ग म्हणजे त्या लंबाने केलेल्या कर्णाच्या दोन भागांचा गुणाकार) त्याच आठवड्यात झालं होतं. तिने कर्णाचा एक भाग एक्स धरला, दुसरा १० वजा एक्स, दोघांचा गुणाकार लंबाच्या वर्गाएवढा म्हणजे ३६. वर्गसमीकरण मांडलं, विवेचक काढला, १०० वजा १४४, उणे ४४. वास्तव मुळंच नाहीत! ती वही घेऊन सरांकडे गेली, तर सर म्हणाले, "एवढं कशाला करत बसलीस, सूत्रात घाल, ३० येतं बघ."

मी त्या वर्गावर ऑफ तासाला गेलो तेव्हा तिने ती वही दाखवली. पूर्ण पान खोडलेलं होतं, तिने स्वतःच खोडलं होतं. तिचं एकही पाऊल चुकलेलं नव्हतं. असा त्रिकोण अस्तित्वातच नाही. फळ्यावर १० सेमी व्यासाचं अर्धवर्तुळ काढा, अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो हे मुलांना माहीत असतं, म्हणजे काटकोनाचा शिरोबिंदू त्या अर्धवर्तुळावरच कुठेतरी असणार, आणि तिथून व्यासावर टाकलेला लंब त्रिज्येपेक्षा, म्हणजे ५ पेक्षा, मोठा होऊच शकत नाही. हे वर्गातल्या मुलांनीच दोन मिनिटांत सांगितलं. ६ च्या जागी ४ घेतलं की कर्णाचे भाग २ आणि ८ येतात, क्षेत्रफळ २०, सगळं सुरळीत. हे उदाहरण अजूनही फिरतंय, कधी सेमीमध्ये, कधी इंचांत. त्या मुलीने योग्य विचार केला होता आणि तिला सांगितलं गेलं की जास्त विचार करू नकोस, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून माझी सवय सांगतो. उत्तरसूची बाजूला ठेवायची, रफ वही घ्यायची आणि मुलांना जे देणार ते सगळं स्वतः सोडवायचं, जमेल तिथे दोन पद्धतींनी, आणि भूमितीची आकृती पट्टी-कंपासने खरंच काढून बघायची. आकृती काढली की दिलेल्या मापांतली गडबड लगेच उघडी पडते. वेळ नाही म्हणत असाल तर वीस उदाहरणं देऊच नका, पाचच द्या, पण सोडवलेली द्या.

दुसरी चीड आणणारी गोष्ट अर्थनियोजनाची, म्हणजे जीएसटी वगैरेच्या धड्याची. दहावी बीजगणिताचा हा एकच धडा असा आहे जो मुलाला घरच्या बिलावर ताडून बघता येतो आणि नेमकं तिथेच शिळं साहित्य वापरलं जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांतल्या बहुतेक वस्तू ५ किंवा १८ मध्ये गेल्या, काही मोजक्या ४० मध्ये. कंपास पेटी १२ वरून ५ वर आली, वह्या, पेन्सिली, खोडरबर तर शून्यावर. आणि आपण मुलांना वर्कशीट देतो "वहीवर १२ टक्के दराने केंद्र व राज्याचा कर काढा". वही त्याच्या दप्तरात, त्याने तिच्यावर कर भरलेलाच नाही. काही जणांच्या फाइलमध्ये तर अजून व्हॅटची उदाहरणं सापडतात, जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला तरी! पाठ्यपुस्तकात किंवा परीक्षेत जो दर दिलाय त्यानेच सोडवायचं हे मुलांना स्पष्ट सांगा, पण सरावाला खरी बिलं घ्या. मोबाइल रिचार्जची पावती, हॉटेलचं बिल, मेडिकलचं बिल, मुलं आवडीने आणतात. बिलावर केंद्राचे ९ आणि राज्याचे ९ वेगवेगळे दिसले की १८ कसे झाले ते समजावावं लागत नाही. एखाद्या बिलावर जीएसटीच नसतो, मग का नसेल यावर बोला, लहान व्यापारी नोंदणीच्या मर्यादेखाली असेल किंवा कॉम्पोझिशनवाला, म्हणजे ग्राहकाकडून वेगळा कर न घेता उलाढालीवर ठरावीक कर भरणारा असेल. असा तास कुठल्याही रेडिमेड फाइलमधून मिळणार नाही.

कॉपी-पेस्टचे घात वेगळेच. पीडीएफमधून वर्डमध्ये मजकूर घेतला की घातांक खाली उतरतो, दोनचा घन सरळ तेवीस होऊन बसतो, वर्गमुळाचं चिन्ह गायब होतं, जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर तर वाचताच येत नाही. झेरॉक्सला देण्याआधी एक प्रिंट काढून पेन हातात घेऊन वाचा, मोबाइलच्या स्क्रीनवर हे दिसत नाही.

भूमितीच्या रचना पीपीटीवर शिकवू नका. कृपा करून. स्क्रीनवर कंस आपोआप उमटतो, स्पर्शिका झर्रकन येते, मुलं "समजलं" म्हणतात आणि वहीत कंपासचं टोक सरकतं, कारण हाताला सवयच नाही. फळ्याचा मोठा कंपास कपाटातून बाहेर काढा, हळू काढा, मुलांना तुमच्याबरोबर काढू द्या. प्रमेयाच्या सिद्धतेचंही तेच, पूर्ण सिद्धता एका स्लाइडवर दिसली की वर्ग फक्त उतरवून घेतो. जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर मात्र जरूर वापरा, फुकट आहे, पण त्याचा व्हिडिओ दाखवण्यात काही अर्थ नाही. वर्तुळावरचा बिंदू मुलाच्या हाताने त्याच कंसावर सरकवू द्या, त्या बिंदूपाशी होणारा कोन बदलत नाही हे त्याला स्वतःला दिसू दे. शाळेत नेट टिकत नसेल तर घरीच ऑफलाइन टाकून न्या.

बोर्ड बघून साहित्य घ्या. सीबीएसईच्या दहावीत क्रेमरची (निश्चयकाने दोन समीकरणं सोडवायची) पद्धत नाही आणि रचनांचा धडा तर काढूनच टाकलाय, आपल्या महाराष्ट्र बोर्डात दोन्ही आहेत.

परदेशी वर्कशीटमधले डॉलर, इंच, मिलियन बदलून घ्या, रुपये आणि लाख करायला दहा मिनिटं लागतात.

संभाव्यतेला पत्त्यांची उदाहरणं देताना खरा कॅट वर्गात न्या. कितीतरी मुलांनी, विशेषतः मुलींनी, पत्ते हातात धरलेले नसतात. चित्रांचे पत्ते बारा असतात हे त्यांनी पाठ का करावं?

चौकटी पूर्ण करायच्या कृती छापील वर्कशीटवर आयत्या मिळतात आणि मुलं वरची ओळ न वाचता मागचा-पुढचा आकडा बघून चौकट भरतात. मी चौकटी भरून झाल्यावर तीच कृती वहीत चौकटींशिवाय लिहायला लावतो, किती समजलंय ते लगेच कळतं.

नवीन शिक्षकांना घाई असते हे मी समजू शकतो, पोर्शन मागे पडल्याची भीती असते, हेडमास्तर विचारतात, पालक विचारतात. पण शॉर्टकटने वाचवलेला वेळ पुन्हा समजावण्यात जातोच, आणि शिवाय मुलाच्या मनात बसलेली चूक काढणं फार अवघड.

आणि चूक सापडली तर ग्रुपवर सांगा हो. सिनिअर सरांनी टाकलेली फाइल आहे म्हणून कुणी बोलत नाही आणि तीच चुकीची फाइल पुढच्या जूनमध्ये पुन्हा फॉरवर्ड होते. आमच्या ग्रुपवर आता दुरुस्त केलेली फाइल टाकतो, तिच्या नावात 'सोडवून तपासली' आणि महिना-वर्ष लिहितो, आणि जुनी ज्याने टाकली असेल त्याला फोन करून डिलीट करायला सांगतो.