गाडीच्या आतले दिवे एलईडी करताना: आधी मोजा, मग विकत घ्या

गाडीच्या आतल्या जुन्या बल्बचा उजेड पिवळा, मंद. रात्री साताऱ्याहून सांगलीला निघताना डिक्कीतली पिशवी शोधायची म्हटली तरी मोबाईलची बॅटरी लावावी लागते. एलईडी बसवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि कुठलीही वायर कापावी लागत नाही. तरीही ते बिघडतं, आणि बहुतेक वेळा चुकीच्या मापाचा बल्ब आणल्यामुळे बिघडतं. म्हणून दुकानात जाण्याआधी जुना बल्ब काढून मोजा. गाडीचं नाव सांगून बल्ब मागू नका, कारण एकाच गाडीच्या वेगवेगळ्या मॉडेलमध्ये बल्ब वेगळे असतात.

आत साधारण दोन जातींचे बल्ब सापडतात. छतातल्या दिव्यात काचेच्या नळीसारखा, दोन्ही टोकांना धातूची टोपी असलेला बल्ब असतो, तो फेस्टून. त्याची लांबी एका टोपीच्या टोकापासून दुसऱ्या टोपीच्या टोकापर्यंत मोजायची. बाजारात ३१, ३६, ३९ आणि ४२ मिलिमीटरचे मिळतात. ४१ लिहिलेला आणि ४२ लिहिलेला एकच समजा. दुसरा कॅपलेस, म्हणजे टोपी नसलेला, चपट्या काचेच्या बुडाचा. त्यातला मोठा टी-१०. छोटा टी-५ बहुतेक डॅशबोर्डमध्ये असतो.

तीन मिलिमीटरने काय होतं, असं वाटेल. ३६ च्या जागी ३९ कोंबला तर दोन्ही बाजूच्या पितळी पट्ट्या बाहेर वाकतात आणि त्यांचा ताण जातो. मग पुन्हा योग्य मापाचा बल्ब लावला तरी तो सैल बसतो. उलट ३९ च्या जागी ३६ लावला तर पहिल्याच स्पीडब्रेकरला दिवा मिचमिचतो. लांबीबरोबर रुंदीही बघा. काचेची नळी जेमतेम १० मिलिमीटर जाडीची असते. एलईडीची पट्टी १६ मिलिमीटर रुंद असेल तर ती वरच्या पत्र्याला टेकते किंवा पांढरं झाकण बसत नाही.

व्होल्टेज हा दुसरा मुद्दा. कार, जीप, पिकअप यांची यंत्रणा १२ व्होल्टची असते, पण इंजिन चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो, १४ ते १४.४ व्होल्ट देतो. स्वस्तातल्या एलईडीत करंट आवरायला एकच छोटा रेझिस्टर असतो. तो १२ ला ठीक चालतो, १४ ला तापतो आणि काही महिन्यांत पट्टीवरचे दोन-तीन ठिपके काळे पडतात. पाकिटावर ९ ते १६ किंवा १० ते ३० व्होल्ट असं लिहिलेलं असेल तो घ्या. ऊस वाहणारे मोठे ट्रक बहुतेक २४ व्होल्टचे असतात. तिथे १२ चा एलईडी लगेच जळतो. त्यावर तोडगा म्हणून दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्टची वायर काढतात. तसं करू नका. ती एकच बॅटरी रोज जास्त उतरते, दुसरी जास्त चार्ज होते आणि शेवटी दोन्ही बदलाव्या लागतात.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. रंग ४००० ते ४५०० केल्विनचा घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ६००० केल्विनचा निळसर पांढरा उजेड दुकानात छान दिसतो. पण रात्री खंबाटकी घाटात मागच्या सीटवरच्या कुणी दिवा लावला की पुढच्या काचेवर त्याचं प्रतिबिंब पडतं आणि डोळे अंधाराला पुन्हा सरावायला वेळ लागतो. छतातल्या एका दिव्याला एक ते दीड वॅटचा एलईडी पुरतो.

साहित्य थोडं लागतं: प्लास्टिकची चपटी पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड, दहाचा पाना, मल्टिमीटर आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, नाहीतर आतल्या दिव्यांचा फ्यूज काढा. कारण असं की बऱ्याच गाड्यांत दिव्याच्या एका पितळी पट्टीला कायम करंट असतो आणि दाराचं बटण फक्त अर्थिंगची, म्हणजे मायनसची बाजू जोडतं-तोडतं. म्हणजे दिवा बंद दिसला तरी पट्टी जिवंत असते. स्क्रू ड्रायव्हर एकाच वेळी त्या पट्टीला आणि छताच्या पत्र्याला लागला की फ्यूज उडतो. त्याच फ्यूजवर पुष्कळदा म्युझिक सिस्टीमची मेमरीही असते, त्यामुळे दिव्याच्या नादात रेडिओही बंद पडतो.

आता झाकण. त्याच्या कडेला बोटाने चाचपलं की एके ठिकाणी छोटी खाच लागते. कार्ड तिथेच घाला आणि हळूच खाली ओढा. दुसऱ्या बाजूने उचकटलं तर क्लिपचं नाक तुटतं आणि झाकण कायम खडखडतं. थंडीच्या सकाळी प्लास्टिक ठिसूळ असतं, म्हणून हे काम दुपारी करा. दिवा नुकता चालू असेल तर बल्ब पाच मिनिटं निवू द्या. मग एका पट्टीला अंगठ्याने थोडं बाहेर दाबा, म्हणजे बल्ब सुटून हातात येतो. पट्टीवर हिरवट थर दिसला, तर पॉलिश पेपरने पितळ चमकेपर्यंत हलकेच घासा. महाबळेश्वर, पाटण, जावळीकडच्या पावसात फिरणाऱ्या गाड्यांत हा थर सर्रास दिसतो.

एलईडी बसवून फ्यूज किंवा केबल परत लावा. दिवा लागला नाही तर घाबरू नका, एलईडीला प्लस-मायनस असतं. पुन्हा करंट बंद करून बल्ब उलटा बसवा. लागल्यावरच झाकण बंद करा.

किटमध्ये चिकटपट्टीवाला चौकोनी पॅनेलही मिळतो. तो घेऊ नये. एप्रिल-मेच्या उन्हात सांगलीत उभ्या गाडीच्या छताखाली चिकटपट्टी सुटते आणि पॅनेल वायरीवर लोंबकळतो. पाठीमागचे सोल्डरचे टाके पत्र्याला लागले की पुन्हा फ्यूज.

नव्या गाड्यांत एक वेगळी तक्रार येते: दारं बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत राहतो. गाडीचं कंट्रोल युनिट दिवा पूर्ण तोडत नाही, थोडा करंट झिरपू देतं. जुन्या बल्बची तार तेवढ्या करंटला तापतही नव्हती, एलईडीला मात्र तो पुरतो. एकाच सर्किटवर दोन दिवे असतील तर एक जुना बल्ब तसाच ठेवा, मिणमिण थांबते. एकच दिवा असेल तर एलईडीच्या दोन टोकांना समांतर १ किलोओहमचा, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर जोडा. पाव वॅटचा घेऊ नका, १४.४ व्होल्टला त्यावर ०.२ वॅट पडतात, तो जवळजवळ मर्यादेवरच चालतो. हळूहळू विझणाऱ्या दिव्यात एलईडी विझताना थरथरत असेल, तर डिमिंग चालणारा बल्ब लागेल.

डॅशबोर्डवरच्या मीटरचे दिवे आणि काचांच्या मधल्या खांबांचं (पिलरचं) प्लास्टिक यांना हात लावू नका. नव्या मीटरमध्ये एलईडी आधीच टाकलेले असतात, आणि खांबाच्या आत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असू शकते. पिवळं कनेक्टर दिसलं की तिथेच थांबा.

बॅटरीचा फायदा आकड्यात बघा. १० वॅटचा जुना दिवा रात्रभर, म्हणजे दहा तास राहिला तर सुमारे ८ अँपिअर-तास जातात. ३५ अँपिअर-तासाच्या बॅटरीचा जवळजवळ चौथा हिस्सा. एक वॅटच्या एलईडीला त्याच वेळात एक अँपिअर-तासही लागत नाही. तरीही डिक्कीच्या दिव्याचं बटण अडकून तो चालूच राहत नाही ना, ते तपासा. शेवटी मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून निगेटिव्ह केबल आणि बॅटरी यांच्या मध्ये जोडा, दारं बंद करून अर्धा तास थांबा आणि आकडा बघा. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसला तर एकेक एलईडी काढत जा; ज्याने आकडा खाली येईल, तो दिवा किंवा त्याचं बटण तपासा. जुने बल्ब कागदात गुंडाळून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा, घाटात एखादा एलईडी गेला तर तोच परत लावता येतो.