दिसतं मराठी, ऐकू येतं भलतंच: मराठी वेबसाइट करताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात एका पतसंस्थेची वेबसाइट तपासायला माझ्याकडे आली. ठेवींचे व्याजदर, कर्जाचे अर्ज, वार्षिक सभेची नोटीस, सगळं मराठीत आणि नीटनेटकं. शेजारी माझे एक स्नेही बसले होते. त्यांना जन्मापासून दिसत नाही. ते एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरतात, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. व्याजदराच्या पानावर नुसती बडबड ऐकू आली, म्हणून ते एकेक अक्षर पुढे सरकवत ऐकू लागले: "ई, जे, के, कॅपिटल बी, एच." ते लगेच म्हणाले, "अहो, हे कृतिदेव आहे. इथे 'मराठी' असं लिहिलंय." कृतिदेव हा देवनागरीचा जुना फॉन्ट. इतक्या वर्षांत असा मजकूर इतक्या वेळा वाट्याला आला, की ती अक्षरं त्यांना पाठ झाली आहेत.

वेबसाइट दिव्यांगांसाठी सुलभ कशी करावी याच्या बऱ्याचशा याद्या इंग्रजी मजकूर गृहीत धरून केलेल्या असतात. मराठीत त्याआधीच, अक्षराच्या पातळीवर, घोळ झालेला असतो. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

जुन्या फॉन्टातला मजकूर

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी जागतिक पद्धत. तिच्या आधीच्या फॉन्टांत देवनागरी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं चित्र असतं. कृतिदेवमध्ये इंग्रजी 'ई' दाबलं की 'म' दिसतो, 'जे' दाबलं की 'र', 'के' दाबलं की काना. डोळ्यांना मराठी दिसतं, फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं साठतात. श्रीलिपीचे जुने फॉन्ट, शिवाजी, सुरेख यांचंही तेच, फक्त कुठल्या अक्षराला कुठली कळ ते वेगळं. स्क्रीन रीडरला चित्र दिसत नाही, तो साठवलेलं वाचतो.

ही चूक अजून टिकून आहे ती छापखान्यांमुळे. अहवाल, स्मरणिका, निमंत्रणपत्रिका पेजमेकर किंवा कोरलड्रॉमध्ये जुन्या फॉन्टात जुळवल्या जातात आणि तोच मजकूर पुढे वेबसाइटवर चढतो. ओळखायची खूण सोपी आहे: मजकूर कॉपी करून मोबाइलवर स्वतःलाच मेसेज करा. तिथे इंग्रजी अक्षरांचा खच दिसला, तर मजकूर युनिकोडमध्ये नाही.

फॉन्ट कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. कृतिदेवसारख्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये हा क्रम बरोबर उलटा असतो. त्यामुळे रूपांतरात वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते आणि रफार भलतीकडे बसतो. 'शिक्षण', 'वर्ष', 'मार्गदर्शन', 'अधिकाऱ्यांनी' असे शब्द शोधून आधी तपासा.

युनिकोड आहे, तरी शब्द तुटतो

'दुःख', 'अंतःकरण', 'स्वतः' लिहिताना विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाइप करायची सवय फार पसरली आहे. दोन ठिपके दोन्हींत असतात, त्यामुळे वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. स्क्रीन रीडर मात्र तिथे शब्द तोडतो: 'दु', मग 'ख'. ऐकणाऱ्याला हे दोन तुकडे मनात जोडावे लागतात, आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत असं झालं तर त्यात त्याचा वेळ जातो.

दुसरा शब्द 'बॅंक'. पुष्कळ जण त्यात चंद्रबिंदू टाइप करतात. दिसायला साधारण तसंच, पण चंद्रबिंदू ही फक्त स्वर नाकातून उच्चारायची खूण. 'ॲ'चा उच्चार त्यात नाहीच, त्यामुळे स्क्रीन रीडरचे काही आवाज तो 'बंक' असा वाचतात. ब, त्यावर चंद्र, मग अनुस्वार, असं टाइप केलं तर उच्चार बरोबर येतो. 'ॲ' हे अक्षरही दोन तऱ्हांनी टाइप होतं, एकसंध किंवा 'अ'ला चंद्र जोडून. एकाच वेबसाइटवर दोन्ही असले तर शोध अर्धवट चालतो, आणि ज्यांना नजर फिरवून पान चाळता येत नाही त्यांचा मुख्य आधार शोधच असतो. एकसंध अक्षर वापरा आणि सगळीकडे तेच ठेवा.

पानाची भाषा न सांगणं

प्रत्येक वेबपानाच्या कोडमध्ये सुरुवातीलाच भाषेचा संकेत लिहायचा असतो. मराठीसाठी तो 'एम-आर' ही दोन अक्षरं. तयार टेम्प्लेटमध्ये तिथे इंग्रजी असतं आणि ते बदलायचं राहून जातं. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो, आणि त्यातले काही आवाज देवनागरी मजकूर सरळ गाळून पुढे जातात. मालक म्हणतो मजकूर आहे, वापरणारा म्हणतो पान कोरं आहे, आणि आपापल्या जागी दोघंही खरं बोलत असतात.

कधीकधी तिथे हिंदीचा संकेत टाकलेला आढळतो, लिपी एकच म्हणून. हिंदी आवाज 'ज्ञ'चा 'ग्य' करतो, ज्ञानेश्वरांचे ग्यानेश्वर होतात. हे दोन अक्षरांचं काम आहे, एका मिनिटात होतं. मधेच इंग्रजी उतारा असेल तर तेवढ्या भागाला इंग्रजीचा संकेत द्या.

पोस्टर आणि स्कॅन

'उद्या पाणीपुरवठा बंद राहील' ही सूचना बहुतेक वेळा चित्र म्हणून येते. सोसायटीच्या ग्रुपवर, ग्रामपंचायतीच्या पानावर, शाळेच्या ॲपवर. वर बोधचिन्ह, खाली पदाधिकाऱ्यांचे फोटो, मधे मजकूर, आणि स्क्रीन रीडर एवढंच सांगतो: "प्रतिमा." ज्याला दिसत नाही त्याच्या घरीही उद्या पाणी येणार नाही, आणि त्याला ते कळायलाच हवं. पोस्टर जरूर करा. त्याच्याखाली तोच मजकूर टाइप करून टाका. एवढ्या एका सवयीने जितका फरक पडतो तितका मी दुसऱ्या कशानेही पडलेला पाहिला नाही.

वेबसाइटवर प्रत्येक चित्राला वर्णन देण्याची सोय असते, ऑल्ट टेक्स्ट. ती वापरलीच नाही, म्हणजे कोडमध्ये वर्णनाचा रकानाच नसला, तर काही ठिकाणी फाइलचं नाव वाचलं जातं, 'आयएमजी अंडरस्कोर' आणि मग आकडे. वर्णनात 'फोटो' एवढंच लिहून भागत नाही. चित्र तिथे कशासाठी ठेवलंय ते लिहा: 'नव्या शाखेच्या दाराशी उतरता रॅम्प, दोन्ही बाजूंना कठडे.' नुसत्या नक्षीला वर्णन नको. तिथे कोडमध्ये रकाना ठेवायचा, पण मुद्दाम रिकामा, म्हणजे स्क्रीन रीडर ती ओलांडतो.

पीडीएफचा घोळ याहून मोठा. टाइप केलेलं पत्र छापायचं, सही-शिक्का करायचा, स्कॅन करायचं आणि चढवायचं, ही कार्यालयांची रीत. त्यातून निघते ती मजकुराची छायाचित्रं. सही हवी असेल तर स्कॅन ठेवा, पण शेजारी मूळ टाइप केलेली फाइलही द्या. वर्डमधून पीडीएफ करताना 'प्रिंट' मधून करू नका, शीर्षकं आणि तक्त्यांची आतली रचना त्यात निघून जाते. 'सेव्ह ॲज'ने पीडीएफ निवडा. आणि देवनागरी पीडीएफ तयार झाली की तिच्यातला एक परिच्छेद कॉपी करून पाहा, कारण युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमध्येही वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटलेली सापडतात. तसं असेल तर तोच मजकूर साध्या वेबपानावर टाकणं हा सगळ्यात भरवशाचा मार्ग.

चौदा वेळा 'येथे क्लिक करा'

स्क्रीन रीडरवाले पान वरून खालपर्यंत ऐकत बसत नाहीत. एनव्हीडीएमध्ये 'एच' दाबत ते शीर्षकांवरून उड्या मारतात, किंवा सगळ्या लिंकची यादी उघडतात. त्या यादीत चौदा वेळा 'येथे क्लिक करा' ऐकू आलं तर त्यातलं काय निवडायचं? 'गृहकर्जाचा अर्ज, पीडीएफ' असं लिंकचं नाव ठेवा. शीर्षक नुसतं ठळक आणि मोठं करून होत नाही. मजकूर लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'हेडिंग' म्हणून निवडलं तरच ते शीर्षक म्हणून कळतं.

अर्जांत सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे रकान्याचं नाव रकान्याच्या आतच फिकट अक्षरांत लिहिणं. टाइप करायला लागलं की ते नाहीसं होतं. विसरणाऱ्यालाही त्रास, कमी दिसणाऱ्यालाही. नाव बाहेर, कायम दिसेल असं आणि कोडमध्ये रकान्याला जोडलेलं हवं. 'लाल रंगातले रकाने पुन्हा भरा' असा संदेश रंग न ओळखणाऱ्याच्या उपयोगाचा नाही. 'पिन कोडमध्ये सहा आकडे हवेत' असं शब्दांत लिहा. वाकड्या अक्षरांचा कॅप्चा आणि तीस सेकंदांत संपणारा ओटीपी, दोन्ही टाळता येतात, टाळा.

माउस न वापरता फक्त टॅबच्या कळीने पूर्ण अर्ज भरून पाहा. हात थरथरणारे, हाताची हालचाल मर्यादित असलेले अनेक जण असंच काम करतात. आपण कोणत्या रकान्यावर आहोत ते दाखवणारी चौकट दिसेनाशी झाली, तर डिझायनरने ती 'दिसायला बरी नाही' म्हणून काढली असणार. परत आणा.

रंग, आकार आणि देवनागरीची उंची

डब्ल्यूसीएजी या वेबसाइट-सुलभतेच्या जागतिक निकषांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ मागितला आहे. फिक्या राखाडीवर पांढरं त्यात बसत नाही. मोजायची साधनं ऑनलाइन फुकट आहेत.

देवनागरीचं म्हणून वेगळं सांगण्यासारखं दोन गोष्टींत आहे. इंग्रजीसाठी केलेल्या टेम्प्लेटमध्ये ओळींची आणि चौकटींची उंची ठरावीक असते. कमी दिसणारा माणूस पान दुपटीने मोठं करतो तेव्हा वरचे रफार-वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात, 'कुल' आणि 'कूल' सारखेच दिसू लागतात. उंची मोकळी सोडा. दुसरं म्हणजे शीर्षकात अक्षरं ऐसपैस मांडायला त्यांच्यामधलं अंतर वाढवतात. इंग्रजीत ते खपतं, मराठीत शिरोरेषा तुटते आणि वाचणं जड जातं, डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अडचण, असलेल्या मुलांना तर फारच.

बहिऱ्यांना मजकूर वाचता येतोच, हे गृहीत धरणं

व्हिडिओखाली मराठी सबटायटल्स हवीतच, आणि आपोआप तयार झालेली असतील तर माणसाने वाचून दुरुस्त केलेली. पण जन्मतः बहिऱ्या असलेल्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते. तिचं व्याकरण मराठीपेक्षा वेगळं आहे आणि मराठी ते शाळेत दुसरी भाषा म्हणून शिकतात. त्यांच्यासाठी 'सदर अर्जदाराने उपरोक्त कागदपत्रे सादर करणे अनिवार्य राहील' हे वाक्य भिंतीसारखं आहे. 'अर्जासोबत ही तीन कागदपत्रं जोडा' असं लिहा. महत्त्वाच्या सूचनेचा सांकेतिक भाषेतला छोटा व्हिडिओ जोडता आला तर फारच उत्तम.

कोपऱ्यात एक बटण लावून मोकळं होणं

एका ओळीच्या कोडने वेबसाइट सुलभ करून देतो असं सांगणारी तयार बटणं विकली जातात. अक्षर मोठं करा, रंग बदला, वगैरे. त्यांनी स्कॅन केलेली पीडीएफ वाचली जात नाही, की नाव नसलेल्या रकान्याला खरं नाव मिळत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये अशा एका कंपनीला, ॲक्सेसिबीला, फसव्या दाव्यांबद्दल १० लाख डॉलर भरायला लावले. पैसे खर्च करायचेच असतील तर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला तपासणीचं मानधन द्या.

'आमच्याकडे कोणी अंध ग्राहक येत नाही' हे वाक्य मला नेहमी ऐकवलं जातं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांगांची नोंद आहे. वेबसाइट चालत नसेल तर ते तिथे दिसणार नाहीतच. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये डिजिटल सुलभतेची तरतूद आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांना आणि एका पूर्ण अंध व्यक्तीला केवायसी करता येत नव्हतं, कारण कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा असं ॲप सांगायचं. त्या याचिकांवरचा हा निकाल आहे.

तपासायचं कसं

अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक असतं. आवाजाच्या दोन्ही कळा एकत्र तीन सेकंद दाबून धरल्या की बऱ्याच फोनवर ते सुरू होतं, आणि तसंच बंद होतं. बंद करायचं आधी शिकून घ्या, कारण सुरू असताना बोटांच्या खुणा बदलतात: उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, दोनदा टॅप केलं की निवड. मराठी आवाज सेटिंगमध्ये जाऊन डाउनलोड करावा लागतो. मग पडदा झाका आणि आपल्याच वेबसाइटवर एक काम पुरं करून दाखवा, जसं की पाच वर्षांच्या ठेवीचा दर शोधणं.

पतसंस्थेचा मजकूर युनिकोडमध्ये आणल्यावर स्नेह्यांनी हेच केलं. पान छान वाचलं गेलं, दर ऐकू आले, आणि ते थांबले. "साडेसात म्हणतंय, पण कुणाला? ज्येष्ठ नागरिकांना की सगळ्यांना?" तक्त्यातल्या वरच्या ओळीला शीर्षकाची ओळ म्हणून खूण करायची राहिली होती, त्यामुळे नुसते आकडे एकामागून एक येत होते. ती खूण केली आणि त्यांना पुन्हा फोन दिला. या वेळी आधी 'ज्येष्ठ नागरिक' ऐकू आलं, मग आकडा. त्यांनी तिथेच आईच्या नावाने ठेवीचा अर्ज उघडला.