मागच्या ब्लेडने रान सपाट करताय? या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये रानं मोकळी झाली की ब्लेडला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं जोडून माती ओढायच्या आडव्या लोखंडी पात्याला, मागणी येते. कुणाला पाणंदीवर मुरूम पसरायचा असतो, कुणाला गोठ्यापुढचा शेणचिखल ओढून काढायचा असतो, कुणाच्या रानात एका कोपऱ्यात दरवर्षी पाणी तुंबून सोयाबीन पिवळं पडतं म्हणून तिथला उंचवटा काढायचा असतो. अवजार दिसायला एकदम साधं, ना पीटीओ (इंजिनची ताकद अवजाराला देणारा मागचा फिरता दांडा) लागत ना गिअरबॉक्स, तीन पिना टाकल्या की जोडलं, त्यामुळं कुणीही जोडतं आणि कुणीही चालवतं. रोटाव्हेटरला माणूस घाबरतो, ब्लेडला कुणी घाबरत नाही, आणि मला तीच भीती वाटते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण निम्म्या चुका इथूनच सुरू होतात. आपल्याकडच्या ट्रॅक्टरची मागची लिफ्ट फक्त वर उचलते, खाली दाबत नाही. लिव्हर खाली केली की पातं स्वतःच्या वजनानं जमिनीवर टेकतं, बस्स. लिव्हर आणखी खाली ढकलून काही उपयोग नाही. माती कडक असली की पातं वरून नुसतं घसरत जातं, आणि मग आपली माणसं काय करतात? पात्यावर माणूस उभा करतात.

वजन म्हणून माणूस उभा करू नका

हे मी आमच्याच रानात बघितलंय. चुलतभाऊ ट्रॅक्टरवर, मागं पात्याच्या फ्रेमवर एक पोरगा टॉपलिंकला, म्हणजे ट्रॅक्टर आणि अवजार जोडणाऱ्या वरच्या मधल्या दांड्याला, धरून उभा, वय असेल सतरा-अठरा, पायात स्लीपर. मी बांधावर उभा होतो. दोन फेऱ्या नीट झाल्या, तिसऱ्या फेरीला पात्याच्या उजव्या टोकाला जमिनीतला दगड लागला, ट्रॅक्टरला एकदम हिसका बसला आणि पोरगा पुढं फेकला गेला, म्हणजे मागच्या टायरच्या आणि पात्याच्या मधल्या जागेत. भावानं क्लच दाबला म्हणून पातं त्याच्या कमरेपासून वीतभर अंतरावर थांबलं. एक स्लीपर पात्याखाली मातीत पुरली गेली होती. पोरगं उठून बसलं पण बराच वेळ त्याला बोलता येईना, आणि मलाही. तिथं पडलेल्या माणसाच्या मागून पातं येत असतं हे लक्षात घ्या, त्याला सरकायला जागाच नसते.

मडगार्डवर बसणारेही तसेच. ब्लेडचं काम चालू असताना ट्रॅक्टरवर एकच माणूस, ड्रायव्हर. लेकरू "मला पण यायचंय" म्हणून रडलं तरी खाली.

वजन हवंच असेल तर कंपनीनं फ्रेमवर जागा दिलेली असेल तिथंच वजन पक्कं बोल्टनं कसा, सुटे दगड किंवा पोती ठेवू नका, हिसका बसला की तीच खाली येतात. पण खरं सांगायचं तर बहुतेक वेळा वजनाची गरजच नसते, सेटिंग चुकलेली असते.

पातं माती घेत नाही, काय करू?

खाली उतरा, इंजिन बंद करा आणि बाजूनं पात्याकडं बघा. पात्याचा वरचा काठ पुढं झुकलेला असेल तर ते मातीवरून घसरणार, खालची धार पुढं आलेली असेल तर ते चावणार. टॉपलिंकचं मधलं नळकांडं फिरवून लांबी थोडी बदलायची, दोन आटे, मग एक फेरी मारून बघायचं, परत दोन आटे. एकदम खूप फिरवलं की पातं इतकं घुसतं की ट्रॅक्टर जागच्या जागी चाक फिरवत बसतो.

दुसरं म्हणजे पातं तिरपं करा. सरळ आडव्या पात्यापुढं माती साचते आणि ओझं वाढतं, तिरप्या पात्यावरून ती एका बाजूला वाहत जाते. पण तिरपं पातं ट्रॅक्टरचं तोंड बाजूला ओढतं, स्टेअरिंगशी कुस्ती व्हायला लागली तर खोली कमी करा. कडक जमिनीत लिफ्टच्या उजव्या आर्मच्या लेव्हलिंगच्या हँडलनं एक टोक थोडं खाली घेतलं की सगळं वजन त्या टोकावर येतं आणि ते फाडत जातं.

आणि तिसरं, वाफसा, म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी. काळ्या रानात उन्हाळ्यात दगडासारखी झालेली जमीन ब्लेडनं फोडायला जाऊ नका, ते काम नांगराचं किंवा पलटी नांगराचं, आधी ते करा आणि ब्लेड मागाहून. आणि ओल्या काळ्या मातीत तर ब्लेड घालूच नका, पात्याला चिकटून गोळा होतो आणि रान दाबलं जातं ते वेगळंच.

लाटा पडतात

पाणंद सपाट करायला गेलो आणि छपराच्या पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडल्या, ही तक्रार प्रत्येकाची. कारण असं की पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की मागचं पातं खाली जातं, पुढचं चाक खड्ड्यात गेलं की पातं वर येतं, म्हणजे पुढच्या चाकानं बघितलेली प्रत्येक गोष्ट पातं उलटी करून जमिनीवर काढतं. वेग जास्त असला की ते आणखी वाढतं. लो मधला पहिला-दुसरा गिअर, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं, पातं तिरपं, आणि पुढची फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवून. लाटांना आडवी किंवा तिरकी एक फेरी मारली तर उत्तमच.

अजून एक, ब्लेडचं काम पोझिशन कंट्रोलवर करायचं, म्हणजे लिव्हर ठेवली त्या उंचीवर अवजार राहतं. दुसरा, ड्राफ्ट कंट्रोल, नांगरासाठी आहे, ओझं वाढलं की तो अवजार आपोआप उचलतो, ब्लेडला ते लावलं की पातं वरखाली होत राहतं आणि माणूस अवजाराला शिव्या देतो.

पिनांच्या बाबतीत जास्त लिहीत नाही, पण बघितल्याशिवाय चावी फिरवू नका. खालच्या आर्मच्या पिना लहान ट्रॅक्टरला 22 मिलिमीटरच्या आणि मोठ्याला 28 च्या असतात, 28 च्या भोकात 22 ची पिन घातली की ती प्रत्येक हिसक्याला ठोकत राहते आणि एक दिवस तुटते. लिंच पिनेच्या (मोठी पिन निसटू नये म्हणून लावायच्या छोट्या कडीच्या पिनेच्या) जागी तार, पिनेच्या जागी सळईचा तुकडा, हे चालणार नाही. चेक चेन, म्हणजे खालचे आर्म डावी-उजवीकडं हलू न देणाऱ्या साखळ्या, दोन्ही बाजूंनी सारख्या कसा, नाहीतर पातं झुलतं आणि वळताना टायरला घासतं.

वळताना पात्याचं लांबचं टोक बाहेर फिरतं हे विसरू नका, आपण पुढं बघून वळतो आणि मागं गोठ्याची भिंत, विजेचा खांब नाहीतर बघायला उभा असलेला माणूस सापडतो. आधी पातं उचला, मागं बघा, मग वळा. आणि काम सुरू करायच्या आधी रानातून एकदा चालत जा, दगड, जुनं खोड, पाईपलाईनचा वॉल्व्ह, बोअरची केबल, ड्रिपची सबमेन, हद्दीचा दगड, जिथं काही दिसेल तिथं काठी रोवून फडकं बांधा. हद्दीचा दगड हलला तर भांडण किती वर्षं चालतं ते तुम्हाला माहितीय.

विहिरीचा आणि बांधाचा काठ

आपल्याकडं कठडा नसलेल्या विहिरी किती आहेत ते सांगायला नको. 2025 च्या एप्रिलमध्ये नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात मजुरांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर विहिरीत पडला आणि सात बायका गेल्या. तिथं काम ब्लेडचं नव्हतं, पण ब्लेडवाला तर मुद्दाम काठाजवळ जातो, कारण माती तिथंच ढकलायची असते, आणि नजर मागं पात्याकडं असते. बांध, नाला, शेततळं यांच्या काठापासून निदान तेवढं लांब राहा जेवढी त्याची खोली आहे, दोन मीटर खोल नाला असेल तर दोन मीटर आत. विहिरीजवळ ब्लेड नेऊच नका, तिथली माती फावड्यानं ओढा, एक दिवस जास्त जाऊ दे. नव्यानं भर टाकलेला काठ तर दिसतो घट्ट पण टायरखाली ढासळतो. उतारावर भरलेलं पातं ओढत वर चढू नका, वरून खाली आणा, लो गिअरमध्येच, न्यूट्रल करून नाही.

पुढचं हलकं वाटतंय, स्टेअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जातोय, याचा अर्थ पुढच्या चाकांवर वजन उरलं नाही. एकूण वजनाचा पाचवा हिस्सा तरी पुढं लागतो, नाहीतर बंपरला वजनं लावा.

आता ब्लेड लावलेलंच आहे तर जरा शेजाऱ्याची रुतलेली ट्रॉली ओढू, खोड उपटू, असं होतं आणि साखळी टॉपलिंकच्या खिट्टीला नाहीतर पात्याच्या फ्रेमला बांधली जाते. हे कधीच करू नका. ओढ वरच्या जागेवर आली की ट्रॅक्टर पुढून उठतो आणि मागं पलटी होतो, पुढची चाकं सुटल्यापासून उलटा व्हायला साधारण दीड सेकंद, तेवढ्यात क्लच सुचत नाही. ओढायचं असेल तर ब्लेड काढा आणि साखळी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं खाली असलेल्या ओढायच्या पट्टीलाच. रोल बार (पलटी झाल्यावर ड्रायव्हरला वाचवणारी लोखंडी कमान) असलेला ट्रॅक्टर असेल तर बेल्ट लावा, रोल बार नसेल तर बेल्ट बांधू नका.

रस्त्यावर निघताना पातं सरळ करून पूर्ण वर, डाव्या-उजव्या ब्रेकचे पेडल एकत्र जोडणारी पट्टी लावलेली, दोन्ही टोकांना रेडियम किंवा लाल फडकं. काम थांबवलं, चहाला जरी गेलात, तरी पातं जमिनीवर. वर उचललेलं पातं फक्त तेलावर उभं असतं, इंजिन बंद असलं तरी कुणा पोरानं लिव्हर हलवली की ते खाली येतं. धार झिजली की बऱ्याच ब्लेडची पट्टी सोडवून उलटी लावता येते, ते करताना पात्याखाली दोन्ही टोकांना लाकडी ओंडके द्या, पातं त्यावर टेकवा, इंजिन बंद करून चावी खिशात ठेवा आणि मगच पान्ह्याला हात लावा.