यकृताच्या आजारात झिंकची तपासणी: रक्त कसं द्यावं
रक्त सकाळी उपाशीपोटी द्या. खाल्ल्यावर झिंक उतरतं. सिरोसिसमध्ये (यकृत व्रणांनी कडक होतं तो आजार) लांबलेला उपास वाईट, म्हणून रात्री झोपण्याआधी हलकं खा (इंदूरच्या सराफा खाऊगल्लीतलं नव्हे!), सकाळी लवकर लॅब गाठा, पोहे-जिलबी नंतर. झिंकची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

नळी गडद निळ्या टोपणाची, सूक्ष्म धातूंसाठीची मागा. साध्या नळीच्या रबरी बुचातून झिंक मिसळून आकडा फुगतो; लाल पेशी फुटल्या तरी तेच.

साधारण ७० ते १२० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ठीक. अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन) सोबत पाहाच: रक्ताच्या द्रवभागातलं बहुतेक झिंक त्यालाच चिकटलेलं असतं, ते घटलं की झिंकही कमी दिसतं.

२२० मिलिग्रॅम झिंक सल्फेटमध्ये प्रत्यक्ष झिंक ५०च. मनानेच महिनोन्‌महिने घेतलं तर शरीरातलं तांबं घटून रक्तक्षय होऊ शकतो.